दादाची पंधरावी व्याख्या

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात, गेली अडतीस वर्षं. बाजारात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात आणि ओघाने मला कुलूपकाकू. मला हे नाव मुळीच आवडत नाही. दोन-चार जणांना तसं सांगूनही बघितलं. आता दुकानातून सामान आलं की पिशवीवर नाव असतं 'कुलूपकाकू, दुसरा मजला'. मी सांगायचं सोडून दिलंय.

माणूस वाईट नाही हो. दुकान म्हणजे एका जिन्याखालची फट. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. भिंतीवर छतापर्यंत किल्ल्या टांगलेल्या, आणि त्यातली हवी ती ह्यांना न बघता सापडते. घरात मात्र स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना मला विचारतात. कुलूप हातात आलं की आधी कानाशी धरून हलवतात, डोळे मिटतात, आणि गिऱ्हाइकाला सांगतात की तुम्ही चुकीची किल्ली घालून जोर केलात. गिऱ्हाईक म्हणतं, छे, आम्ही कशाला करू? हे म्हणतात, "बरं." बस्स, एवढंच. पण ते 'बरं' असं असतं की पाच मिनिटांत गिऱ्हाईक आपणहून कबूल करतं, की हो, धाकट्याने पक्कड लावली होती. हेच 'बरं' मी लग्नापासून ऐकतेय. मी अजून काहीही कबूल केलेलं नाही.

धंद्यात त्यांचा एक नियम आहे. आत माणूस असेल, तर त्याला विचारल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी एक गृहस्थ धावत दुकानात आले, की बायको खोलीत अडकलीय, लवकर चला. हे गेले, दीड मिनिटात दार उघडलं. आत ती बाई पलंगावर मांडी घालून बिस्किटं खात बसली होती. अडकलीबिडकली काही नव्हती. नवऱ्याच्या बडबडीला कंटाळून तिने आतून कुलूप घातलं होतं आणि तिला तासभर शांतता हवी होती. तिने बिस्किटांचा डबा फेकला तो नवऱ्याने चुकवला आणि ह्यांना लागला. भुवईवर तीन टाके पडले. तेव्हापासून हे दारावर तीनदा टकटक करतात आणि विचारतात, "आत कोण आहे? बाहेर यायचंय का?" स्पष्ट 'हो' आलं तरच पेटी उघडायची. एकदा एका आजोबांनी आतून "बघू" असं उत्तर दिलं, तर हे संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. घरच्यांनी हातापाया पडून सांगितलं, तरी नाही. आजोबांचं बघून झालं तेव्हा दार उघडलं.

एवढं सगळं असून आमच्या घरच्या संडासाचा लॅच सात वर्षं बिघडलेला आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आतून गोल मूठ अर्धी फिरवून, थोडी वर उचलून, मग ढकलली तर दार उघडतं. आम्हा तिघांच्या हाताला ते सवयीचं झालंय. पाहुण्यांना दार नुसतं लोटून घ्यायला सांगतो. "उद्या बघतो," असं हे म्हणतात, आणि ह्यांचा उद्या काही उगवत नाही.

आता माझा दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाला आणि स्वातंत्र्यावर पुस्तक लिहायला बसला. पहिल्या प्रकरणाचं नाव 'व्याख्या'. दुसऱ्या प्रकरणाला नाव नाही, कारण पहिलं अजून संपलेलं नाही. आणि ते संपत नाही याला कारण आमचे हे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद असतं, तेव्हा दादा जेवायला येतो आणि नवी व्याख्या वाचून दाखवतो. वहिनी त्याला मुद्दाम पाठवते. तिला तेवढीच एक दुपार निवांत मिळते.

पहिली व्याख्या होती, बंधनाचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य. ह्यांनी घास चावून संपवला आणि विचारलं, पँटचा पट्टा धरायचा का? दादाने तिथल्या तिथे खोडलं. सातवी होती, विवेकाने वागतो तोच खरा स्वतंत्र. त्या दिवशी कडक ऊन होतं आणि दादा छत्री विसरून घामाघूम होऊन आला होता. ह्यांनी नुसतं त्याच्या कपाळाकडे बघून "बरं" म्हटलं. सातवीही गेली. दादा म्हणतो की इतक्या वर्षांत कॉलेजातल्या एकाही विद्वानाने त्याला इतका त्रास दिला नाही. हे म्हणतात, त्या सगळ्यांचा पगार चालू होता.

तर त्या शनिवारी पंधरावी व्याख्या येणार होती, आणि माझं जेवणात लक्ष नव्हतं. कारण आमची टिकली.

टिकली आमची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली, आता दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच झालीय, पण नाव तेच राहिलं. शाळेत असल्यापासून बापाच्या शेजारी स्टुलावर बसून कानशीने किल्ल्या घासते. गेली चार वर्षं दुकान खरं तर तीच चालवते. तिने पावणेदोन वर्षं खपून स्वतःचं एक कुलूप तयार केलं. तशीच दोन केली. एक कपाटात ठेवलं आणि एक कुणालाही न सांगता लांबच्या शहरातल्या तिजोऱ्यांच्या कारखान्याला पाठवून दिलं. कारखान्याचं पत्र आलं, की आमच्या तीन माणसांना हे दोन दिवसांत उघडलं नाही, तुम्ही आमच्याकडे कामाला या, नवी कुलपं आखायच्या विभागात. शनिवारी पाच वाजता फोन करतो, हो की नाही ते तेव्हा सांगा.

हे पत्र फक्त मला माहीत होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात ह्यांनी दुकानासाठी नवा बोर्ड रंगवून आणला होता. त्यावर 'कुलूपदुरुस्ती' आणि खाली लाल अक्षरांत 'वडील आणि लेक'. संध्याकाळी तो लावायचा होता. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे लपवला होता, गंमत करायची म्हणून. पण लपवलेल्या बोर्डाकडे माणूस दिवसातून दहा वेळा जाऊन बघून येत असेल, तर घरातल्यांना कळायला काय वेळ लागतो?

टिकली म्हणाली होती की मामा आला की बाबा खुशीत असतात, जेवणं झाली की सांगते. मी म्हटलं, सांग. मला स्वतःला ती जायला हवी होती की नको होती, ते विचारू नका. रात्रंदिवस दोन्ही हवं होतं.

जेवण होताच दादाने खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि वाचलं. माणूस जिथे आहे तिथे स्वतःच्या मर्जीने असेल, तर तो स्वतंत्र. त्याला दुसरीकडे जाता येतं की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

ह्यांनी विचारलं, म्हणजे दार बंद असलं तरी? दादा म्हणाला, तरी. समजा एक माणूस खोलीत बसून आनंदाने पुस्तक वाचतोय आणि बाहेरून कुणी कडी घातली. त्याला उठायचंच नाहीये. मग त्याचं काय अडलं? हे म्हणाले, तो कैदी आहे. दादा म्हणाला, त्याला पत्तासुद्धा नाही. हे म्हणाले, मग तो कैदी आहे आणि वर बावळटही आहे. मग ह्यांनी आपली व्याख्या सांगितली, जी पहिल्या शनिवारपासून एकच आहे आणि जिला कागद लागत नाही. बाहेर जाता येतं तो स्वतंत्र. येत नाही तो नाही. मर्जी ज्याची त्याच्यापाशी.

दादा म्हणाला, ही व्याख्या माणसाची नाही, दाराची आहे. हे म्हणाले, बरं. दादाचे कान लाल झाले. तो उठला, कागद हातात घेतला, तणतणत संडासात गेला आणि दार धाडकन ओढून घेतलं.

टिकलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती बापाच्या समोर जाऊन बसली, "बाबा" म्हणाली, आणि तेवढ्यात तिकडून मुठीचा आवाज आला. कट. कट कट. मग खडखड. मग एकदम शांत.

ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! गिऱ्हाईक नाही म्हणून दुपारभर बसून राहिलेल्या माणसाच्या दारात काम चालून यावं तसं. पेटी घेतली, संडासाच्या दारापुढे गेले, तीनदा टकटक केली आणि विचारलं, "आत कोण आहे? बाहेर यायचंय का?"

दादाला हा नियम माहीत होता. बिस्किटांची गोष्ट त्याने शंभरदा ऐकली होती. आणि आतमध्ये त्याच्या हातात पंधराव्या व्याख्येचा कागद होता. 'हो' म्हणावं, तर व्याख्या जाते. मग दादाचा वर्गात शिकवतानाचा आवाज आला.

"मी इथे माझ्या मर्जीने आहे."

"बरं," हे म्हणाले, आणि जाऊन खुर्ची घेऊन आले.

तेव्हा दीड वाजला होता.

मी आधी हसले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं दहा मिनिटांत संपेल. पण हे दोघे म्हणजे एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. दादा आतून म्हणायचा, मी पूर्ण स्वतंत्र आहे हे मान्य करा, मग मी बाहेर येण्याची इच्छा करून बघेन. हे बाहेरून म्हणायचे, तुम्ही इच्छा करा, मग मी मान्य करायचं बघेन. दादा म्हणाला, इथे हवा चांगली आहे. हे म्हणाले, ती खिडकी मीच बसवलीय. मी दाराशी जाऊन दादाला म्हटलं की मूठ अर्धी फिरव, उचल आणि ढकल. तो म्हणाला, तू मध्ये पडू नकोस, मला ढकलायचंच नाहीये.

अडीचला त्याला चहाची वेळ झाली. चहा काही दाराखालून जात नाही. मी बिस्किटं सरकवली, एकेक करून. दादाने विचारलं की हे पाहुण्याला म्हणून देतेस की कैद्याला म्हणून, कारण कैद्याला म्हणून असेल तर तो घेणार नाही. मी म्हटलं, भावाला म्हणून देतेय, मुकाट्याने खा. थोड्या वेळाने कुरकुर आवाज आला. ह्यांनी लगेच हरकत घेतली, की बाहेरून रसद घेतली म्हणजे आतला माणूस बाहेरच्यावर अवलंबून झाला. त्यावर वीस मिनिटं गेली.

आणि आमच्या घरात संडास एकच! हे दोन विद्वान तिथे ठाण मांडून बसलेले, आणि घरच्या बाईने काय करायचं? तीन वाजता मी समोरच्या नर्सबाईंकडे गेले. त्या रात्रपाळी करून झोपल्या होत्या, डोळे चोळत दार उघडलं. काय झालं, पाणी गेलं का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे स्वातंत्र्याची व्याख्या चालू आहे. त्यांनी काही न विचारता मला आत घेतलं. भली बाई आहे.

परत आले तर साडेतीन होत आले होते. टिकली स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी होती, हाताची घडी घालून. मी विचारलं, सांगितलंस? ती म्हणाली, दोनदा बाबा म्हटलं, दोनदा त्यांनी बोट वर करून थांब म्हणून सांगितलं. तिचा चेहरा उतरला होता. मी घड्याळाकडे बघितलं.

मी ह्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, अहो, टिकलीला बोलायचंय तुमच्याशी. महत्त्वाचं आहे. हे खुशीत होते, चार वाजत आले तरी हरले नव्हते. मला वाटलं आता वळतील. वळले ते दाराकडेच. म्हणाले, प्रोफेसर, हे बघा, जिवंत उदाहरण देतो. आमची टिकली. तिच्याएवढं स्वतंत्र माणूस आहे का कुणी? दुकान तिचं, हत्यारं तिची, मनाला येईल ते काम करते.

आतून दादाने विचारलं, "आणि उद्या ती दुकानात यायचं नाही म्हणाली तर?"

"ती कशाला म्हणेल?"

"म्हणाली तर. जाता येईल तिला?"

हे म्हणाले की जाण्याचा प्रश्नच कुठे येतो? तिला काम आवडतं, स्वतःच्या मर्जीने बसते, सुखात आहे. दुसरीकडे जाता येतं की नाही याच्याशी संबंध काय? दादा आतून ओरडला की काय म्हणजे काय, तिला लहानपणापासून दुसरं दारच दाखवलं नसेल तर मर्जीला विचारतो कोण? बाहेर पडता येतं तरच माणूस स्वतंत्र! हे म्हणाले, बाहेर पडता येण्याचं काय एवढं कौतुक? ती आहे तिथे आनंदात आहे, विषय संपला!

दोघांचे आवाज चढले. मी ऐकत होते आणि माझं मलाच खरं वाटेना. अडीच तास भांडून ह्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांची व्याख्या पळवली होती. कार्यक्रमातून निघताना दुसऱ्याची चप्पल घालून जावं तशी, आणि दोघांनाही ती चावत नव्हती! आमचे हे पंधरावी व्याख्या शब्दाला शब्द बोलत होते, आणि दादा संडासात बसून दाराची बाजू मांडत होता.

आणि त्यांची चर्चा जिच्यावर चालली होती, ती पाच पावलांवर उभी होती. तिला कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं. माझं टाळकं सटकलं.

मी म्हटलं, "दोघंही तोंड बंद करा. पाच वाजता तिजोरीच्या कारखान्याचा फोन येणार आहे. त्यांना ही हवी आहे, कुलपं आखायला. दोन तास झाले, पोर तुम्हाला सांगायला उभी आहे."

आत दादाच्या हातातला कागद वाजला तेवढाच.

हे खुर्चीवरून उठले नाहीत. टिकलीकडे बघून विचारलं, कुठला कारखाना? तिने सांगितलं. एवढ्या लांब? ती हो म्हणाली. त्यांना तू कुठे सापडलीस? तिने कुलूप पाठवल्याचं सांगितलं, दोनातलं एक. ह्यांनी मान खाली घातली आणि पेटीच्या कडीशी चाळा करत राहिले.

मग टिकली म्हणाली, "मी त्यांना 'नाही' म्हणून सांगणार आहे, बाबा. बोर्ड रंगवून आणलाय तुम्ही."

असं म्हणताना तिचा आवाज अगदी सरळ होता. मला रडू आलं. ह्यांनी बोर्ड कसा माहीत असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आणि आतून आमचा दादा, माझा सख्खा भाऊ, सगळं ऐकून काय म्हणतो? म्हणतो, थांबा, हा निर्णय मर्जीने घेतलेला म्हणायचा का, हे तपासलं पाहिजे.

टिकली पुढे आली. ह्यांच्या मांडीवरून पेटी घेतली, हातोडी आणि एक लांब खिळा काढला. ना टकटक, ना विचारणं. लॅचकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खालच्या बिजागरीत खिळा घालून खालून तीन ठोके, पिन वर. मधली, वरची. दार दोन्ही हातांनी धरलं, बिजागरीच्या बाजूने बाहेर ओढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. पुरतं एक मिनिट लागलं नसेल.

आत दादा कमोडच्या झाकणावर बसला होता. मांडीवर कागद, मिशीत बिस्किटांचा चुरा. उजेडाने डोळे बारीक करून म्हणाला, "मी बाहेर यायचंय असं म्हटलं नव्हतं."

"तुझ्यासाठी नाही काढलं, मामा," टिकली म्हणाली. "घरात संडास एकच आहे."

तो उठून बाहेर आला. पाय बधिर झाले होते, भिंत धरून चालत होता. ह्यांनी एरवी अशा प्रसंगी विजयाचं एक तरी 'बरं' म्हटलं असतं. पण त्यांचं दादाकडे लक्षच नव्हतं. ते उतरवलेलं दार बघत होते. बिजागऱ्यांवरून अंगठा फिरवला. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

मग ते आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं बोर्ड आणतात की काय. परत आले तेव्हा हातात टिकलीचं कुलूप होतं, ते दुसरं. ते त्यांनी तिच्यासमोर टेबलावर ठेवलं.

आता हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. तिने कुलूप पहिल्यांदा दाखवलं तेव्हा हे "बरंय" म्हणाले होते आणि ती तोंड पाडून गेली होती. त्यानंतर आठ दिवस ती झोपली की हे ते कुलूप घेऊन गॅलरीत बसायचे. तारा, कानशी, भिंग, सगळं घेऊन. मी पाणी प्यायला उठले की पाठीमागे लपवायचे. मी काही बोलले नाही. नवऱ्याचं काय काय झाकायचं ते बायकोला कळतं.

हे म्हणाले, "मला हे उघडलं नाही. आठ दिवस बसलो होतो."

टिकली त्यांच्याकडे बघतच राहिली. जिच्या जन्मापासून घरात एकच गोष्ट पक्की होती, की बाबांना न उघडणारं कुलूप नाही, तिला बाबाच हे सांगत होते. आणि तेही मामासमोर. ह्या माणसाने दादापुढे आजवर छत्रीसुद्धा हरवल्याचं कबूल केलेलं नाही.

"तुम्ही बरंय म्हणालात," ती म्हणाली.

"लाज वाटली," हे म्हणाले. "तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही ग. बोर्डावर मी तुला माझ्या मागे लिहून आणलं. तिथे बसवून ठेवणार होतो. नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण माझ्यासाठी म्हणू नकोस. तू माझ्या पुढे गेलीस हे मला आठ दिवसांनी कळलं असं नाही, पहिल्या दिवशीच कळलं होतं."

दादाने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. एकतीस वर्षं शिकवून त्याला शेवटी गप्प बसायचं कधी ते कळलं, असं मी त्या दिवशी मनात म्हटलं.

पाचला पाच मिनिटं असताना टिकलीने कुलूप हातात घेतलं आणि बापाच्या शेजारी बसून ते कसं उघडायचं ते दाखवलं. किल्ली घालायची, थोडी मागे घ्यायची, अर्धा श्वास थांबायचं आणि मग फिरवायची. ह्यांनी दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा उघडलं. "हां," असं म्हणाले आणि नाक ओढलं.

फोन वाजला तेव्हा आम्ही चौघंही दचकलो, जणू तो येणार हे कुणाला माहीतच नव्हतं. टिकलीने उचलला. तिकडचा माणूस काहीतरी लांबलचक बोलत होता आणि ती हूं हूं करत होती. हे उठले आणि दार परत बसवायला गेले. मी खुणेने म्हटलं, राहू द्या हो आत्ता, पण ऐकतील तर ना! दादा त्यांच्या मदतीला गेला. त्याने दार धरलं, उलटं. ह्यांनी ते सुलटं केलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं.

टिकली म्हणाली, "हो. येते मी. एक तारखेपासून येते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. बिजागरीची एक पिन त्यांच्या हातात होती आणि उरलेल्या दोन त्यांनी ओठांत धरल्या होत्या. दादाने त्यांना काहीतरी विचारलं, तर त्यांनी ओठांकडे बोट दाखवलं, की बोलता येत नाही. खिळे, स्क्रू, पिना, सगळं हे कायम डाव्या तळहातावर ठेवून काम करतात. अडतीस वर्षांत तोंडात धरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.